नाकावरची जड चौकट

परवा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची गोल, जड चौकट नाकावर बसली आणि त्या गार धातूने मला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मी बारा वर्षांची होते. डॉक्टरांनी चौकटीत भिंग सरकवलं आणि खिडकीबाहेरच्या लिंबाची पानं सुटी झाली.

“आबा, एकेक पान दिसतंय!” मी ओरडले.

वडील डॉक्टरांना म्हणाले, “काढा ते. चष्मेवाल्या पोरीला सोयरीक कुठनं येणार?”

चौकट निघाली. झाडाचा पुन्हा हिरवा गोळा झाला.

सोयरीक आली. तीन वर्षांनी अंतरपाट दूर झाला, तेव्हा समोर मला नुसता फेटा दिसला. हार घालायला अगदी जवळ गेले, तेव्हा कळलं, नवरा आबांच्याच वयाचा होता.

आबांची नजर मात्र शेवटपर्यंत चांगली होती.