लेकीचे डॉलर

२०२३ साल. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा तिसरीपर्यंत, पण कापसाच्या सौद्यात मला अजून कुणी फसवलेलं नाही.

माझी लेक मस्कतला नर्स. नवरा आणि सासू धुळ्याला, त्यांचं कपड्याचं दुकान. पगारातून वाचवलेले डॉलर तिने रुपये न करता जळगावच्या एका बँकेत मुदतीने ठेवलेले. सुट्टी संपवून जाताना सही केलेला फॉर्म माझ्या हातात दिला. "आबा, मुदत संपायच्या आत बँकेत द्या. पुढंही डॉलरच राहू द्या असं लिहिलंय."

मी गेलो, पण दिला नाही. काउंटरवरच्या बाईंना म्हणालो, "आधी लेकीचे डॉलर दाखवा."

"आबा, नोटा इथे नसतात. डॉलर अमेरिकेतल्या बँकेत, आमच्या खात्यावर. इथे फक्त लिहिलेलं असतं."

"म्हणजे जळगावात ठेवलेला पैसा जळगावात नाही?"

"नाही," म्हणत त्या हसल्या.

सराफाकडे गहाण ठेवलेली पोतसुद्धा नावाच्या पुडीत असते. फॉर्म खिशात घातला आणि गावची एसटी धरली.

संध्याकाळी लेकीला फोनवर सांगितलं, "रुपये कर, सोनं घेऊ. हातात तरी दिसतं." मुदतीला एकच दिवस उरलेला.

ती घरच्या अहिराणीवर आली, "आबा, मनं लगननं सोनं आते कोठे शे?"

"तुनाकडे."

"बठ्ठं मोडाई गयं. दुकानमा गयं."

"लग्नातलं सगळं सोनं मोडलं, आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून काय? भांडायला आला असतात." खरं होतं ते. "हे डॉलर कुणाला दिसत नाहीत, म्हणून कुणी मागत नाही. माझं म्हणायला एवढंच राहिलंय."

त्या सोन्यातला एकेक डाग मी अर्धा दिवस सराफाच्या दुकानात बसून, घडणावळीवरून वाद घालून घेतला होता. त्याचा मला गर्व होता, आजही आहे. चुकलं असं काही मी म्हणालो नाही, ती सवय मला नाही. "झोप आता," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचं शटर उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. फॉर्म दिला, पोचपावतीवर शिक्का मारून घेतला. मग बाईंना म्हणालो, "धुळ्याच्या पत्त्यावर काही कागद पाठवू नका."

"पत्ता बदलायला त्यांचीच सही लागेल, आबा."

म्हटलं, मग तोही फॉर्म द्या.