आमची डबल

सांगितलं असेल त्याच्या दुप्पट करायचं, हा तिचा स्वभावच होता. आईने एक हंडा पाणी आणायला सांगितलं की ही दोन आणणार. बाईंनी एक निबंध सांगितला की दोन लिहिणार. एकदा वर्गात बडबड केली म्हणून मराठीच्या बाईंनी तिला तासभर उभं केलं. तास संपला, बाई गेल्या, गणिताचे सर आले, तरी ही उभीच. सरांनी विचारलं, "तू का उभी?" तर म्हणाली, "सर, मी जरा जास्तच बोलले होते." सगळा वर्ग हसला, सरही हसले, आणि त्या दिवसापासून वंदनाची 'डबल' झाली. तिच्या आईशिवाय तिला वंदना म्हणणारं मग कोणी उरलं नाही.

ती अंबरनाथजवळच्या पालेगावची. वडिलांची थोडी शेती होती, गावाभोवती इमारती वर यायला लागल्या होत्या, आणि त्या इमारतींसाठी केलेला नवा, रिकामा रस्ता हे तिचं पहिलं मैदान. मी अंबरनाथ पूर्वेच्या चाळीतली. माझे वडील नगरकडून येऊन एमआयडीसीत कंत्राटी कामगार म्हणून लागलेले. मला धावण्याची आवड नव्हती आणि गतीही नव्हती. पण दहावीला खेळाचे गुण मिळतात असं कळल्यावर मीही शाळेच्या मैदानावर जाऊ लागले. पहिल्याच दिवशी सगळ्या मुली फेऱ्या संपवून पाणी प्यायला बसल्या आणि मी एकटी मागे राहिले. लाजेने रडू येत होतं. तेवढ्यात बाजूला पावलं वाजली. डबल. तिच्या फेऱ्या केव्हाच संपल्या होत्या. मी म्हटलं, "तू कशाला आलीस?" ती म्हणाली, "तू एकटी पळताना बघवत नाही गं. चुकलेल्या म्हशीसारखी दिसतेस." त्यानंतर मी मैदानावर कधीच एकटी शेवटची आले नाही. आम्ही दोघी शेवटच्या यायचो.

आमचे खेळाचे सर भला माणूस. तरुणपणी ते स्वतः अनवाणी धावलेले. आमच्यासाठी केळी आणत, कोणाला लागलं तर सायकलवर बसवून घरी सोडत. पण त्यांना एकच गोष्ट माहीत होती, घाम. "दमलात? आता कुठे सराव सुरू झाला," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. रविवार हा त्यांच्या मते आळशांचा वार. डबलला हे सगळं अमृतासारखं लागायचं. तिचं स्वतःचंही एक वाक्य होतं. थांबून श्वास घे म्हटलं की सांगायची, "थांबलं ना, की पाय विचार करायला लागतात. पायांना विचार करू द्यायचा नाही."

जिल्ह्याच्या शर्यतीत ती पहिली आली तेव्हा बूट घ्यायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात गेलो. तिने एकदम दोन जोड मागितले. दुकानदार सिंधी काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेटी, दो-दो जोडी? बारात में जाना है क्या?"

"नाही अंकल, एक सुबह का, एक शाम का."

"पहले एक घिसके ला. फिर दूसरे का भाव करेंगे."

पुढच्या दिवाळीआधीच ती तो जोड पिशवीत घालून त्यांच्यासमोर हजर. काकांनी बूट उलटा केला, झिजून पातळ झालेल्या तळाला बोट लावलं आणि बाजूच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "साईं, ये लडकी है के मशीन?" डबल इतकी खूश झाली की परत येताना सगळा रस्ता ते वाक्य म्हणत होती. मशीन म्हणवून घेण्यात त्या वयात केवढा मान वाटतो!

मी आज पदवीधर आहे, शाळेत शिकवते, हे तिच्यामुळे. दहावीनंतर माझ्या वडिलांनी मला पॅकिंगच्या कामाला लावायचं ठरवलं होतं. त्यात त्यांचा दोष नव्हता, आमच्या घरात त्यापुढे कोणी शिकलंच नव्हतं. डबल न बोलावता घरी आली, चहा घेतला, आणि वडिलांसमोर मांडी घालून म्हणाली, "काका, एक सांगू? हिला पळता अजिबात येत नाही. निदान शिकू तरी द्या."

वडील गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "इतकी वाईट पळते?"

"काका, हिच्या मागनं कोंबड्या पुढं जातात."

वडील खूप दिवसांनी मोकळे हसले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते स्वतः कॉलेजात गेले.

तिच्या सगळ्या धावण्यात एकच अडथळा होता, आणि तो दर महिन्याला यायचा. तिच्या आईचं सोवळंओवळं कडक. पालेगावातून बाहेर पडणारी वाट गावदेवीच्या देवळासमोरून जायची, आणि त्या चार दिवसांत देवळासमोरून जायचं नाही म्हणजे नाही. डबल मागच्या पडवीत चटईवर बसायची. जेवणाचं ताट तिथेच, झोपणंही तिथेच. मी भेटायला गेले की लांबूनच ओरडायची, "ये गो, कैदी नंबर एक इथे आहे!" नुसती चिडचिड. पुस्तक उघडायची, दोन पानांत डुलकी, उठून जेवायची, पुन्हा झोपायची. पाचव्या दिवशी न्हाऊन मैदानावर आली की मात्र अशी सुटायची की आम्ही बघत राहायचो. सर घड्याळ पाहून म्हणायचे, "बसून आलीस की उडतेस बरं का." सर म्हणायचे, आम्ही हसायचो, आणि ते वाक्य तिथेच सोडून आम्ही सगळे पुन्हा पळायला लागायचो.

बारावीच्या वर्षी तिची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. आम्ही कॉलेजात गेलो तरी सराव शाळेच्याच मैदानावर, त्याच सरांकडे चालू होता; त्यांनी आता संध्याकाळचाही लावला. डबलने अर्थातच तोही दुप्पट केला. कोणीतरी तिला सांगितलं की लांब पल्ल्याला शरीर हलकं हवं, म्हणून भात सोडला. तिच्या घरी भाताशिवाय दुसरं होतं काय? थोडी भाजी आणि चहावर ती दिवस काढू लागली. त्याच सुमाराला एकदा कॉलेजच्या जिन्यात मला ओढून कानात म्हणाली, "ऐक ना. माझं बंद झालंय. तीन महिने झाले. देवीनं ऐकलं माझं!"

तिचा चेहरा उजळला होता. मैदानावरच्या मुलींना कळलं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, नशीबवान आहेस. एकीने तर विचारलं, नवस काय केलास? आम्हाला कोणी काही शिकवलं नव्हतं. पुस्तकातला तो धडा बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडला होता.

तिच्या आईला मात्र ते खटकलं. एकदा मला जेवायला बसवून त्या हळूच म्हणाल्या, "बाय, तू शिकलेली. हे असं बंद होनं बरं नाही गो. तिला सांग." मी काही बोलण्याआधीच डबल आतून ओरडली, "आई, बसवत होतीस तेव्हा बसले ना? आता पळते तर पळू दे!" आईने तिची दृष्ट काढली, देवीची ओटी भरली. सरांशी बोलायचं तर हा विषय बाईने पुरुषाशी कसा काढायचा? तो तसाच घरात राहिला.

त्यानंतर तिचं जे झालं ते हळूहळू झालं. आधी वेळ वाढली. पूर्वी ज्या वेळात ती हसत यायची, त्या वेळात आता जीव तोडूनही येईना. वेळ वाढली म्हणून तिने सराव वाढवला. सराव वाढला तशी झोप गेली. सर्दी जाईना, केस हातात यायचे, आणि आमची हसरी डबल कोणी पाण्याची बाटली मागितली तरी खेकसायला लागली. नडगी दुखायची, तिला ती आंबेहळदीचा लेप लावून पट्टी बांधायची आणि वरून लांब मोजे चढवायची. सर म्हणाले, "दुखणं पायात नसतं, मनात असतं." तिनेही ते खरं मानलं. एकदा फेरी संपवून ती माझ्याशेजारी बसली आणि बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "आधी मला सकाळची वाट बघावीशी वाटायची गं. आता सकाळ झाली की रडू येतं." मग लगेच उठली. "काही नाही. आळस आहे. अजून दोन मारते."

राज्य स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत ती थांबली. पडली नाही, लंगडली नाही, नुसती थांबली, आणि पायाकडे बघत राहिली. नडगीचं हाड चिरलं होतं.

उल्हासनगरच्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी पायाचा एक्स-रे दिव्यासमोर धरला. खोलीत तिचे आईवडील, सर आणि मी. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" तिचे वडील दाराबाहेर गेले. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. डबल म्हणाली, "वर्ष होईल."

"आणि विश्रांतीचा दिवस कुठला? आठवड्यात कधी सुट्टी घेतेस?"

ती विचारात पडली. मग अगदी सरळपणे म्हणाली, "आता नाही. आधी महिन्याला चार दिवस असायची. आई बसवायची तेव्हा."

तिच्या आई हळूच खाली, फरशीवर बसल्या. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की अंगाला अन्न आणि आराम पुरेसा मिळाला नाही की ते आधी पाळी बंद करतं, आणि मग हाडं म्हातारीसारखी ठिसूळ होत जातात. देवीने ऐकलं नव्हतं. शरीर ओरडत होतं. त्या पोरीला चार दिवस जे मिळत होतं ते शिक्षा म्हणून मिळत होतं, आणि तेवढंच तिला तगवत होतं. ती प्रथा चांगली होती असं मी म्हणत नाही. माझ्या घरात मी ती पाळत नाही आणि कोणाला पाळू देणार नाही. पण एका मुलीला विश्रांती मिळायला तिला विटाळशी ठरवण्यावाचून आमच्याकडे दुसरी रीतच नव्हती, याची खंत मला आजही आहे.

सर पुढच्या आठवड्यात पालेगावला गेले. मी तिथेच होते. केळ्यांची पिशवी पडवीत ठेवून ते बसले. मग म्हणाले, "वंदना, मी सगळ्यांना पळ म्हणायला शिकलो. थांब म्हणायला मला कोणी शिकवलंच नाही." त्यांनी तिला पहिल्यांदाच वंदना म्हटलं होतं. तिने केळं सोललं, अर्धं त्यांना दिलं.

हाड जुळलं. डॉक्टरांनी हळूहळू धावायला हरकत नाही म्हणून सांगितलं. जेवण सुधारलं, पाळी पुन्हा सुरू झाली, अंग भरलं. सगळ्यांना वाटलं, झालं, आता आपली डबल परत येणार. एका सकाळी ती आली. बूट घातले, रेषेवर उभी राहिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती तिथेच उभी राहिली, मग बूट काढले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पाय बरे आहेत. पण पळायचंय कोणाला? मला इथलं काहीच नको वाटतं गं. ही माती पण नको." आवाजात राग नव्हता. रडणंही नव्हतं. मला वाटतं, तिला दुःख झालं असतं तर बरं झालं असतं. दुःख करायलाही आत काहीतरी उरलेलं लागतं.

त्यानंतर ती सांगितलं तेवढंच करू लागली. एक हंडा म्हटलं की एक हंडा. तिला डबल म्हणायचं कधी थांबलं ते कोणालाच सांगता येणार नाही.

मी आता बदलापूरच्या एका शाळेत गणित शिकवते. शिक्षिका थोड्या, म्हणून मुलींच्या मैदानाचं कामही माझ्याकडे आलं. माझं पळणं पाहिलेल्या माणसांना हे सांगितलं तर ती हसतील. रविवारी आमच्या मैदानाला कुलूप असतं. मागे एक पालक तावातावाने आले, "मॅडम, दुसऱ्या शाळेतली पोरं रविवारीपण पळतात. आमच्या पोरीचं नुकसान होतंय." मी त्यांना बसवून डबलची सगळी गोष्ट सांगितली. जाताना म्हणाले, "ठीक आहे. पण सकाळी थोडं तर पळू द्या." मुलींना मी पाळीबद्दल हजेरी घ्यावी इतक्या साध्या आवाजात विचारते. सुरुवातीला खिदळतात, मग सांगतात.

वंदनाचं लग्न होऊन ती बदलापूरलाच आली. एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते. तिला एक मुलगी आहे, नवरा समजूतदार आहे. पालेगावात तिच्या घराच्या जागी आता इमारत आहे. मी तिला अनेकदा म्हटलं, शाळेत ये, मुलींशी बोल. परवाही बदलापुरातच, शिरगावात भाजीवाल्यापाशी भेटली तेव्हा म्हटलं. ती मेथीची जुडी निवडत म्हणाली, "काय सांगू त्यांना? थांबा म्हणू? पळणाऱ्याला ऐकू येतं का गो? मला आलं असतं?"

दोघींना स्टेशनकडेच जायचं होतं. नाक्यावर शेअर रिक्षा भरत आली होती. ड्रायव्हर ओरडत होता, "स्टेशन, स्टेशन! दोन सीट, पटकन!" मला शाळेला उशीर होत होता. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल, धाव!"

तिने हात हळूच सोडवून घेतला. "तू जा. मी येते मागनं."

मी पळत जाऊन बसले. दुसऱ्या सीटवर भलतंच कोणी चढलं आणि रिक्षा सुटली. मी वळून पाहिलं. पिशवी खांद्याला लावून ती रस्त्याच्या कडेने संथ चालत होती. घाई नाही, कुठे पोचायची ओढ नाही. पण एवढ्या हळू चालण्यातही तिचं पाऊल तसंच लांब आणि अलगद पडत होतं, खाली लागलं न लागलं इतकं हलकं. ते तिला ठाऊक नसावं. रिक्षा वळेपर्यंत मी त्या पावलांकडेच बघत होते.