सात नंबरचा बिल्ला

बसा निवांत. चहा येईस्तोवर माझ्याच हातून झालेला घोळ माझ्याच तोंडून ऐका. गावात जे फिरून राहिलंय त्यात मी विहिरीत रडलो असंही घातलंय. रडलो बिडलो काही नाही. झालं ते त्याहून वाईट झालं.

माझं रेणापुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. आमच्याकडच्या एका अप्पांनी विहिरीच्या तळातून झऱ्याच्या दिशेनं आडवं भुयार खोदायला काढलं. आत भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून त्यांनी मुदखेडच्या गफूरचाचांना बोलावलं. चाचा आले ते खाणीतल्या सात बत्त्या घेऊनच. डोक्याला दिवा, कमरेला बॅटरी आणि मधे वायर, तसल्या.

चाचांनी तेलंगणातल्या एका कोळशाच्या खाणीत तीस वर्षं बत्तीघर सांभाळलेलं. बत्त्या चार्ज करायच्या, मजुरांना द्यायच्या, परत घ्यायच्या. आता ह्यात काय एवढं? पण विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडची ह्या माणसानं पार शाळा करून टाकली, आणि चार्जिंगचं काम अप्पांनी दिलं मला. वीस वर्षं मोटारी बांधतोय मी, मला आता बॅटरी शिकवणार का हे?

शिकवलंच. “गुरुनाथ मियाँ, बत्ती वायरला धरून उचलायची न्हाई. उंदीर हाय का शेपटीला धरायला?” “गुरुनाथ, लाल दिव्याचा हिरवा होऊस्तोवर काढायची न्हाई.” “गुरुनाथ, चार्जिंगला लावायच्या आधी टोकं कोरड्या फडक्यानं पुसायची. पुसली का?”

“पुसली चाचा.”

पुसली नव्हती. सात बत्त्या, रोज दोन वेळा, कोण पुसत बसणार सांगा.

आणि सगळ्यात मोठा कायदा बिल्ल्याचा. भिंतीवर फळी, फळीला सात खिळे, प्रत्येक बत्तीचा एक पितळी बिल्ला. बत्ती नेली की तिचा बिल्ला खिळ्याला लावायचा. बत्ती परत आली की बिल्ला काढायचा. खिळ्याला बिल्ला दिसला म्हणजे माणूस विहिरीत. सगळे खिळे रिकामे झाल्याशिवाय सुरुंग उडवायचा नाही. “तीस वर्षांत माझ्या फळीवर एक बिल्ला राह्यला न्हाई,” चाचा म्हणायचे, आणि दिवसातून चारदा म्हणायचे. माझे कान किटले होते.

त्या शुक्रवारी चार वाजता लातूरचा सुरुंगवाला येणार होता. त्या माणसाची तारीख मिळायलाच अप्पांची चप्पल झिजली होती. दुपारी चाचा नमाजला गेले, खोदणारे सहा जण आत. मी शेडमधे गेलो तर शिल्लकीतली सात नंबरची बत्ती चार्जच होईना. ना लाल दिवा, ना हिरवा. आता चाचा आले की तासभर प्रवचन, म्हणून म्हटलं लातूरला नेऊन गुपचूप दुरुस्त करून आणू.

आणि ऐका, इथं मी कायदा पाळला. बत्ती नेली की बिल्ला लावायचा, म्हणून सात नंबरच्या खिळ्याला बिल्ला लावून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा नियमानं वागलो हो मी, आणि तेच नडलं.

लातूरच्या दुकानदारानं बॅटरी उलटी केली, फडक्यानं टोकं पुसली आणि चार्जिंगला लावली. लाल दिवा लागला. “चिखल होता,” म्हणाला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला चहासुद्धा मागता आला नाही. जरा चार्ज होऊ दिली आणि निघालो.

विहिरीवर परत आलो तर ही गर्दी. सुरुंगवाला जीपला टेकून घड्याळ बघतोय, अप्पा डोकं धरून बसलेत, त्यांच्या घरच्या वहिनी पदर तोंडाला लावून रडतायत.

“काय झालं?”

“माझा मेव्हणा आत राह्यला रे,” अप्पा म्हणाले. “सकाळी उदगीरहून आला, भुयार बघायचं म्हणत होता. सहाच्या सहा गडी वर आले, बिल्ला मात्र लटकून राह्यलाय. तुला किती फोन लावले, बंद.”

फोन बंद होता खरा. साऱ्या गावाच्या बत्त्या चार्ज करतो मी, स्वतःचा मोबाईल चार्ज करायचा राहतो.

आता बिल्ला लटकतोय म्हटल्यावर कुठला नंबर, एवढं तरी विचारावं का नाही? मी विचारलं नाही. मला वाटलं, गुरुनाथ, आज काहीतरी करून दाखव. पिशवीतली बत्ती काढली, बॅटरी कमरेला बांधली, यारीच्या बादलीत बसलो आणि खाली गेलो.

भुयारात रांगत चाललो. “मेव्हणे, ओ मेव्हणे,” अशा हाका मारतोय. पुढून एक उजेड येताना दिसला. चाचा. तीस वर्षं दुसऱ्यांना बत्त्या देणारा, पण स्वतः एकदाही खाली न उतरलेला माणूस गुडघे खरचटवत तिथं रांगत होता. मला गलबलून आलं.

“चाचा, तुम्ही वर जा. मी शोधतो त्याला.”

चाचांचा उजेड माझ्या तोंडावरून कमरेवर गेला. बॅटरीवर पांढऱ्या रंगात सात लिहिलेलं होतं. त्यांनी बोटानं तो आकडा चाचपला.

“कधी नेलीस?”

“दुपारी... लातूरला.”

“बिल्ला?”

“लावला होता की.”

चाचांनी माझी बत्ती बंद केली, चालू केली, परत बंद केली. “बॅटरी बरी हाय,” म्हणाले. “माणूस बदलावा लागंल.”

वर आलो तर मेव्हणा काठावर उभा, तोंडात पान. रेणापूरला सलूनमधे गेला होता. “कोण सापडलं?” त्यानं विचारलं. चाचा म्हणाले, “सात नंबर.”

तोवर सुरुंगवाला निघून गेला होता. त्याची पुढची तारीख आठ दिवसांनी मिळाली. ते आठ दिवस अप्पा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मी मुकाट्यानं सातही बत्त्यांची टोकं पुसली. चाचांनी मला काढलं नाही. शनिवारी सकाळीच हातोडी घेऊन माझ्या दुकानावर आले, दाराला एक खिळा ठोकला आणि सात नंबरचा बिल्ला बायकोच्या हातात दिला. मी कुठं बाहेर गेलो की तिनं तो लावायचा, परत आलो की काढायचा.

ती रोज न चुकता लावते. मी साधा चहाला आलो तरी लावते. आणि गिऱ्हाईक आलं की बिल्ल्याकडे बघतं आणि बाहेरूनच विचारतं, “वहिनी, उतरू का शोधायला?”