माझा हात कुंपणाच्या अलीकडेच होता!

दोन कप चहा आधीच ओतून द्या, कारण हे ऐकल्यावर मला दुसरा कप कुणी विचारणार नाही. घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातले. पण भरल्या स्टेडियमसमोर, अंपायरांच्या साक्षीनं घातलेला हा एकच!

चौतीस वर्षं मी वार्ताहर होतो. एका महापौरानं माझ्यावर पेपरवेट फेकला, तोही मी झेलला आणि दुसऱ्या दिवशी छापला. आता निवृत्त होऊन अमेरिकेत, एडिसनला मुलीकडे असतो. तिथल्या मराठी मंडळानं स्मरणिकेसाठी काम दिलं: निखिलच्या कारकिर्दीवर चार पानं.

निखिल म्हणजे आमच्या शेजारच्या मृणालताईंचा मुलगा. पेशानं बेसबॉलपटू. आउटफिल्डर! म्हणजे मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं आणि लांबचे चेंडू झेलायचे. सात वर्षं खालच्या दर्जाच्या संघात, बसमध्ये झोपून काढलेली. वय एकोणतीस. त्या रविवारी दुपारी मोठ्या संघाचा एक माणूस त्याला बघायला येणार होता.

"या खेपेला नाही झालं तर सोडतो म्हणालाय," मृणालताई गाडीतच म्हणाल्या. "भाऊ, आज काही गडबड नको हं."

गडबड? मी?

गेटवर प्रेस बॉक्सचा पास मागितला. कुठला पेपर, म्हणे. मी म्हटलं, मंडळाची स्मरणिका. पोरगी हसली हो! मी तिला वृत्तपत्रस्वातंत्र्यावर पाच मिनिटं ऐकवलं आणि बाणेदारपणे तिकीट काढून कुंपणामागच्या पहिल्या रांगेत बसलो. निखिल बरोब्बर आमच्या खाली.

शेवटचा टप्पा. आपला संघ एका धावेनं पुढे. समोरच्यांचा एक गडी बाद झाला की सामना आपला. आणि त्यांच्या त्या धिप्पाड फलंदाजानं चेंडू असा हाणला, की तो थेट माझ्याकडे निघाला!

आता तुम्हीच सांगा, क्रिकेटवर वाढलेला माणूस काय करेल? षटकार प्रेक्षकानं झेलला की टाळ्या पडतात, कॅमेरा त्याच्यावर येतो! मी उठलो, एक हात वर केला आणि घेतला! हात काय झणझणला म्हणता!

त्याच क्षणी कुंपणापलीकडून एक ग्लव्ह उसळला, माझ्या कोपरावर आपटला आणि निखिल धाडकन खाली पडला. तोही त्याच चेंडूसाठी उडाला होता.

अंपायर धावत आला आणि त्यानं मूठ उंचावली. आउट! स्टेडियम नाचायला लागलं. मीही नाचणार, तोच गार्ड आला.

"सर, तुम्ही मैदानात हात घालून झेल बिघडवलात. बाहेर चला."

काय? मी? चौतीस वर्षांत माझ्यावर असा आरोप करायची कुणाची छाती झाली नव्हती!

"माझा हात कुंपणाच्या अलीकडे होता!"

मृणालताई माझा शर्ट ओढायला लागल्या. "अहो भाऊ, गप्प बसा! जिंकलोय आपण!"

"जिंकलो ते ठीक. माझ्या इभ्रतीचं काय?"

खालून निखिल ओरडला, "काका, प्लीज! स्टॉप टॉकिंग!"

"तू घाबरू नकोस रे! बघतो मी यांना!"

मी बाकावर चढलो. कोपर इथं, मनगट इथं, कुंपण तिथं, मध्ये चांगलं वीतभर अंतर! इतक्यात समोरच्या संघाचा कोच धावत आला. इतका सहृदय श्रोता मला अमेरिकेत भेटला नव्हता.

"से दॅट अगेन, सर!"

मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा अभिनयासह.

प्रेक्षकाचं ऐकून अंपायर निर्णय बदलत नाहीत, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या अंपायरनंही तसंच पाहिलं होतं, आणि मी बोंब मारली नसती तर त्याला विचारलं कुणी असतं? सगळे अंपायर एकत्र आले, कुजबुजले, आणि पहिल्यानं हवेत बोट गोल फिरवलं. होम रन! गार्डनं चक्क माझी माफी मागितली.

"बघितलंत मृणालताई? न्याय मिळाला!"

"मिळाला. त्यांना," त्या म्हणाल्या. "हात मैदानात गेला असता तर त्यांचा फलंदाज आउट होता. अलीकडे होता, म्हणून होम रन, म्हणजे त्यांचा षटकार. एक त्याची, एक आधीच धावत असलेल्या गड्याची, अशा दोन धावा. आता ते पुढे."

"म्हणजे मी गुन्हेगार असतो तर आपण जिंकलो असतो?"

"हो!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"घसा फोडून सांगत होते! वार्ताहर ना तुम्ही? ऐकता कुठं?"

आपण हरलो. मोठ्या संघाचा माणूस वही मिटून निघून गेला. पार्किंगमध्ये निखिल एवढंच म्हणाला, "काका, टेक्निकली यू वेअर राइट." चार पानांचा लेख मी एका पानावर आणला. मृणालताईंकडून येणारी आमटी तीन आठवडे बंद होती.

मग मोठ्या संघातल्या एकाचा पाय दुखावला आणि निखिलला बोलावणं आलं! त्यानं स्वतः मला फोन केला. खरं सांगतो, डोळे भरून आले माझे.

"काका, फर्स्ट मॅचला यायचंच. तुमची सीट फलंदाजाच्या अगदी मागे घेतलीये."

"अरे, इतकी चांगली जागा माझ्यासाठी?"

"तिथं पुढे मोठी जाळी असते ना."

"छे रे! म्हातारा झालो, तरी चेंडूला भीत नाही मी!"

"ते माहितीये, काका. जाळी चेंडूला वाचवायला आहे."