शून्यावर हसणारा वर्ग

परवा लेकीसोबत शाळेतल्या निवडणुकीवरचा एक विनोदी सिनेमा बघितला. त्यात वर्गभर समोसे वाटूनही एका उमेदवाराला शून्य मतं पडतात आणि अख्खं थिएटर हसतं, तेव्हा मला बाकाच्या जुन्या लाकडाचा वास आला. नववीत मॉनिटर निवडताना आमच्या बाई सगळ्यांना बाकावर डोकं टेकून डोळे मिटायला लावायच्या आणि एकेक नाव घेऊन वर आलेले हात मोजून फळ्यावर रेघा ओढायच्या. त्या वर्षी माझी मैत्रीण उभी होती. बूढापारा या आमच्या मोहल्ल्यातून आम्ही दोघी एकाच रिक्षानं शाळेत जायचो. सकाळी रिक्षातच तिनं विचारलं होतं, “मले देशील ना वोट?” “हव, पक्का,” मी म्हणाले. पण तिच्या विरोधात उभी होती ती वर्गाची लाडकी, आणि तिची खास मैत्रीण माझ्याच बाकावर, कोपराला कोपर लावून बसलेली. माझा हात हलला असता तर तिला लगेच कळलं असतं. माझ्या मैत्रिणीचं नाव आलं, आणि बाईंचा खडू फळ्यावर वाजलाच नाही. डोळे उघडले तर तिच्या नावापुढे एकही रेघ नाही, शून्य. सगळे हसले, मीही हसले. परतताना रिक्षात ती वाटेतल्या तलावाकडे बघत म्हणाली, “स्वतःले वोट देणं बरं नाही दिसत, म्हणून मी हात नाही उचलला. एक वोट तर पक्का होता ना.” थिएटरात लेकीनं माझा दंड हलवला, “मम्मी, मज़ा आ रहा है ना?” “हव,” मी म्हणाले, त्या दिवशी रिक्षात म्हणाले होते अगदी तसंच.