कडूमावशीच्या हाताला येणारा पाला

कडुलिंबाचा पाला चावताना कडूमावशीच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलायची नाही. सकाळी चूळ भरली की ती दारासमोरच्या झाडाखाली यायची, हात वर करून पाल्याचा झुपका ओरबाडायची आणि आपण शेंगदाणे खावेत तशी पानं चावत उभी राहायची. बघूनच आमची तोंडं वाकडी व्हायची. ती हसली की दात हिरवे दिसायचे. त्या झाडाच्या खालच्या फांद्या तिचा हात पोचेल तिथपर्यंत कायम उघड्या असत. वर हिरवंगार आणि खाली नुसत्या काड्या.

कुंभारीच्या कामगार वसाहतीत आमच्या ओळीत सगळे तिला कडूमावशीच म्हणत. तिचं खरं नाव मला कळलं ते दवाखान्यात केसपेपर काढताना. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. माझी आई आणि ती आमच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात चालू आणि तोंडही चालू. माझी शाळा सुटली की मी तिथेच दप्तर टाकायची.

तिला शुगर निघाली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून तिने आपला एक कायदा केला होता. गोड खाल्लं की त्यावर कडू खायचं. शेंगापोळी खाल्ली की पाला, बासुंदी झाली की कारल्याचा रस. लग्नाला जाताना ती पदराच्या गाठीत मेथीदाणे बांधून न्यायची आणि पंगतीत जिलबीचा घास संपला की चिमूटभर मेथी तोंडात टाकायची. वाढणारा थबकून बघायचा. मावशी म्हणायची, "वाढ की रं. गोड आत गेलं की मागनं कडू सोडायचं. दोगं आत भांडत बसत्यात. आपन निवांत झोपायचं."

साखरेला मात्र ती घरात येऊ देत नसे. पाहुण्यांनाही गुळाचाच चहा. तिच्या वडिलांचं नातेपुत्याजवळ गुऱ्हाळ होतं. कढईतला गरम गूळ उसाच्या कांडक्यावर घेऊन चाटत ती मोठी झाली. "साखर मशिनीतली. तिला काय माया असती व्हय?" ती म्हणायची. "गूळ आईच्या दुदासारका हाय. त्यानं कुटं शुगर वाडती?"

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. मी विज्ञान घेतलं, त्यात आहारशास्त्र हा विषय मिळाला. एका तासाला मॅडमनी सांगितलं की रक्तातली साखर वाढवायच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही, आणि कडू पदार्थ खाऊन आधी खाल्लेलं गोड पुसलं जात नाही. मी वहीवरून मान वर केली. मला वर्गात मावशीच दिसत होती. घरी येताना बसमध्ये मी ती वाक्यं आपल्या बोलीत बसवून बघत होते.

ओट्यावर गेले आणि घाबरत घाबरत बोलायला लागले. मावशीने हातातली विडी खाली ठेवली. "थांब जरा," म्हणाली आणि शेजारणींना हाका मारल्या, "अगं या गं समद्या! आमची पोरगी कॉलेजातनं काय शिकून आलीया ऐका!" पाच-सहा बायका जमल्या. मी सगळं सांगितलं. गूळ, साखर, भाकरीसुद्धा बेतानं खायची, गोळी चुकवायची नाही. मावशी एकटक बघत होती. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय बोलती गं पोरगी! मास्तरीण हुनार बग." आणि माझ्या आईकडे वळून म्हणाली, "च्या टाक. माज्यात गूळ जास्त घाल, आज लई आनंद झालाय."

"मावशी, अगं मी आत्ता काय सांगितलं?"

"समदं ऐकलं की. मी पाला जास्त खाईन, झालं?"

आई हसली. बायकाही हसल्या. मीही हसले असेन. पुढेही मी कितीदा तरी सांगितलं. प्रत्येक वेळी तिने तितक्याच कौतुकाने ऐकलं. ती भांडली असती तर मी भांडले असते. तिच्या कौतुकापुढे काय करायचं, ते मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही.

मग नव्या चपलेने तिच्या अंगठ्याला जखम झाली. ती तिला कळलीच नाही. आईला फरशीवर डाग दिसला तेव्हा समजलं. "दुकत न्हाय म्हंजे बरं व्हतंय की," मावशी म्हणाली आणि त्यावर पाला वाटून बांधला. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे, हे मी तिला हात जोडून सांगितलं. आठवडा गेला. अंगठा काळा पडायला लागला तेव्हा कुठे ती माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आली.

डॉक्टरांनी विचारलं, "गोड बंद आहे ना?"

"बंदच हाय सायेब. साकर घरात न्हाय."

"डॉक्टर, गूळ खाते ती," मी म्हणाले.

"गूळ तर औषद हाय की," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून तिला शांतपणे समजावलं. अगदी मी सांगितलं होतं तेच. ती प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होती. मध्येच तिने माझा हात दाबला आणि अभिमानाने म्हणाली, "आमच्या पोरीनं ह्येच सांगितलं व्हतं सायेब. येक शब्द चुकला न्हाय."

पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. नंतर तिचा भाऊ गाडी घेऊन तिला नातेपुत्याला न्यायला आला. गाडीत बसवताना ती माझ्या आईएवढी जड लागेल असं वाटलं होतं, पण अगदी हलकी लागली. तिने पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातात ठेवला. "परीक्षा हाय न्हवं तुजी? खाऊन जा. डोकं चालतं."

परवा तिचा फोन आला. गोळ्या घेतेस का, असं मी विचारलं. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "पोरी, तू लई सांगितलंस. पन माजंच चुकलं बग. कडू कमी पडलं."

काय बोलायचं ते मला येत होतं, सगळं पाठ होतं.

फोन ठेवून ओट्यावर आले. समोरच्या झाडाला खालपर्यंत नवा पाला फुटला होता. मी हात वर केला, तर पानं सहज हाताला आली.