गळ्यातला पट्टा

लोणावळ्याच्या एका गृहस्थांना सरकारने रावसाहेब ही पदवी दिली आणि बाजाराच्या दिवशीच त्यांची मिरवणूक निघाली. फटाक्यांची पहिली माळ सुटली तशी एक पिवळी कुत्री माझ्या ओसरीवर येऊन थेट आरामखुर्चीखाली शिरली. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. मिरवणूक चुकवण्यासाठीच घरी बसलो होतो. तिचाही हेतू तोच दिसला. आमचे जमले.

सापडलेल्या कुत्र्याचे काय करावे, हे ज्यांना कधी कुत्रे सापडले नाही ते फार खात्रीने सांगतात. मी पाणी ठेवले आणि तिच्या गळ्याकडे पाहिले. भोके पाडलेला जाड चामड्याचा पट्टा होता. चूक तिथेच झाली. पट्टा म्हणजे बंगला, असे आम्ही शिकलेले लोक धरून चालतो.

ती पाणी पिई, पण खाईना. भाकरी नाही, दूध नाही. तीन दिवसांत बरगड्या मोजता येऊ लागल्या. शाळा सुटली की सुतळी बांधून तिला बंगल्या-बंगल्यांतून हिंडवू लागलो. एका माळ्याने फाटकातूनच सांगितले, "आमच्या सायबाचं कुत्रं मोटारीत बसतंय, मास्तर. हे तर तुमच्यासंगं चालतंय."

शेवटी रावसाहेबांकडे गेलो. नवी पगडी सावरत त्यांनी तिला चष्म्यातून पाहिले. "जात विलायती आहे. आमच्याकडे शोभेल. ठेवून जा." मग त्यांनी तिला इंग्रजीत बसायला सांगितले. ती उभीच राहिली. उद्या सांगतो म्हणून मी निघालो.

परतताना पेंढ्याची बैलगाडी शेजारून चालली होती. कुत्री सुतळीसकट गाडीखाली शिरली आणि आसामागे, दोन चाकांच्या मध्ये, सावलीतून बैलांच्या चालीने चालू लागली. सुतळी हातात असल्याने मीही वाकून चाललो.

गाडीवान म्हणाला, "मास्तर, तुमीबी येताय का खाली? वर लय जागा हाय."

"ही सापडलीय. मालक शोधतोय."

त्याने वाकून पाहिले. "आवो, गाडीची कुत्री हाय ही. अन् ह्यो बैलाच्या घुंगरांचा पट्टा. घुंगरं गळाली, भोकं ऱ्हायली. बाजारादिशी गाडीतळावर सोडा तिला."

घरी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "बाजाराला अजून तीन दिवस आहेत. तोवर ही जगेल? रावसाहेबांकडे निदान गादी तरी मिळेल."

"गादी खाणार आहे का ती?"

तिने तांदळाची पेज केली आणि ती बोटाने कुत्रीच्या ओठांना लावू लागली. थोडी पोटात गेली. रावसाहेबांना मी निरोप धाडला की कुत्री मराठी आहे.

बाजाराच्या दिवशी गाडीतळावर सुतळी सोडली. ती अडखळत एकेका गाडीखाली जाई, हुंगे, बाहेर येई. एवढ्या गाड्या हुंगून होतील इतके बळ तिच्यात आहे का, हीच मला धास्ती. चिंचेखालच्या शेवटच्या गाडीखाली गेली ती बाहेर आलीच नाही. गाडीला टेकून एक म्हातारा भाकरी खात होता. त्याने खाली डोकावून तुकडा टाकला.

"आलीस व्हय? कुटं गेलतीस?"

तिने तो खाल्ला.

"आबा, तुमची का ही?"

"माजी कशाची? बैलांची हाय. वडिवळ्याहून येतो आमी. आठ दिस झालं, डावा बैल मागंच बघतोय, गाडी वढंना." मग मला निरखून म्हणाला, "त्या दिशी फटाकं कशापायी वाजवलं वो? तवाच बुजली ती."

"एकाला पदवी मिळाली."

"मंजी काय?"

"नावाच्या आधी एक शब्द लावतात."

"बरं. अन् मग?"

शिकवण्याचा धंदा असूनही मी नुसती सुतळी गुंडाळू लागलो. त्याने भाकरीचा दुसरा तुकडा मोडून गाडीखाली टाकला.